सातारा ते सांगली, तीन दिवस गाडीने: कोठे थांबावे आणि काय खावे?

सोलापूरकर यांचा प्रश्न:

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन साताऱ्यात मावशींकडे उतरणार आहोत आणि तेथून स्वतःच्या गाडीने सांगलीपर्यंत जाण्याचा विचार आहे. हाताशी तीन दिवस आहेत. आईच्या गुडघ्यांना फार पायऱ्या झेपत नाहीत, मात्र डोंगर आणि पाणी पाहण्याची तिला मनापासून ओढ आहे. दोघेही शाकाहारी आहेत. कास, ठोसेघर, बामणोली, सज्जनगड अशी मोठी यादी मी केली आहे. त्यातले काय ठेवावे, काय वगळावे आणि त्या त्या भागातले खास जेवण कोठे मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यवतेश्वरची वाट यांचे उत्तर:

आपल्या यादीतील कास आणि ठोसेघर ही दोन्ही ठिकाणे साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहेत, म्हणून अनेक जण ती एकाच दिवसात उरकू पाहतात. परंतु ती दोन वेगवेगळ्या डोंगरधारांवर आहेत, मध्ये उरमोडीचे खोरे आहे आणि दिवसाचा मोठा भाग घाट चढण्या-उतरण्यातच जातो. एका दिवशी एकच धार धरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिला दिवस कासला द्यावा. प्रवेशाची नोंदणी आधीच ऑनलाइन करावी, शनिवार-रविवार टाळावा आणि यवतेश्वरचा घाट सकाळी लवकर चढावा. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात ही फुले येतात आणि बहर पावसावर अवलंबून असल्यामुळे नेमकी तारीख कोणालाच सांगता येत नाही. तरीही त्या आठवड्यात तेरडा, सोनकी, गेंद यांचे ताटवे आणि पाणथळ जागी सीतेची निळी आसवे दिसण्याची चांगली शक्यता असते. आईंना कुमुदिनी तळ्यापर्यंत चालवत नेण्याची गरज नाही, कारण रस्त्यालगतच्या भागातही पुष्कळ पाहायला मिळते. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यापासून येथे गर्दी खूप वाढली आहे. फोटोसाठी ताटव्यात बसणारी माणसे पाहिली की जीव तुटतो. कृपया आखलेल्या वाटेवरूनच चालावे.

पठारानंतर कास तलावाशी थोडे थांबून बामणोलीला उतरावे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय तेथे अगदी पायाशी येतो. वासोटा किल्ल्याच्या चढाईचा विचार या प्रवासात नको, पण होडीतून जवळचा फेरफटका आईंना नक्की आवडेल. जेवणाबाबत एक अनुभवाची गोष्ट सांगतो. या वाटेवरील घरगुती खानावळींत वर जातानाच जेवण सांगून ठेवावे आणि परतताना जेवावे. चुलीवरची नाचणीची भाकरी, झुणका, खर्डा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात असे साधे पान असते, पण आधी सांगितलेले असेल तर भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि सगळी गोडी त्यातच आहे.

परळी खोरे यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र दुसऱ्या दिवसाबद्दल थोडे सांगावेसे वाटते. सज्जनगडावर गाडी बरीच वर जात असली तरी पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, म्हणून आईंची प्रकृती पाहूनच ठरवावे. जमले तर दुपारच्या महाप्रसादाच्या वेळी समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. पंगतीत वाढली जाणारी गव्हाची खीर आपले आई-वडील विसरणार नाहीत. तेथून पुढे त्याच रस्त्याला ठोसेघर आहे. धबधबा समोरच्या दर्शनी सज्जातूनच पाहावा. त्यानंतर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमधून जाणारा रस्ता गाडीत बसूनही मनसोक्त अनुभवता येतो. संध्याकाळी साताऱ्यात परतल्यावर कंदी पेढे घ्यावेत. खवा खरपूस भाजलेला आणि साखर बेताची असल्यामुळे ते प्रवासात चांगले टिकतात.

सोलापूरकर:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सज्जनगडाचा निर्णय आईवर सोपवतो. तिसऱ्या दिवशी महामार्गाने थेट सांगली गाठावी, की मध्ये थांबण्याजोगे काही आहे?

हळदीचे पेव यांचे उत्तर:

थेट जाऊ नये. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर अवश्य थांबावे. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकच प्रवाह पूर्वेकडे वळतो. शेजारीच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पुढे ईश्वरपूरच्या (पूर्वीचे इस्लामपूर) बाजूला ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो. तो रोटीबरोबर खातात, पण शक्य असेल तर ज्वारीची भाकरी मागावी. कृष्णाकाठची वांगी त्या दिवशी केलेली असतील, तर त्यांचे भरीतही मागवावे.

वेळ असल्यास वाट थोडी वाकडी करून ताकारीजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात जावे. एकेकाळच्या उजाड डोंगरांवर माणसांनी झाडे लावून हे जंगल उभे केले आहे आणि वरून उसाच्या हिरव्या पट्ट्यातून वाहणारी कृष्णा दिसते. सांगलीत पोहोचल्यावर सूर्यास्ताच्या वेळी हरिपूरला, कृष्णा-वारणा संगमावर जावे. हरिपूर हे हळदीच्या पेवांचे गाव. जमिनीखालच्या या कोठारांत हळद साठवली जात असे, परंतु २००५ च्या महापुरात बरीचशी पेवे खराब झाली. घरी नेण्यासाठी सांगलीची हळद, बेदाणे आणि लसणाची चव असलेले भडंग घ्यावे. भडंग मात्र मावशींसाठीही वेगळे बांधून घ्यावे, कारण गाडीतला पुडा सोलापूरपर्यंत पोहोचत नाही.