सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत कंट्रोलर हातात असतानाच पूर्ण होतं

आठबिटी:

गेला आठवडा रोज रात्री १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' पुन्हा खेळतोय, सगळं लक्ष कानांत ठेवून. संगीतकार कोजी कोंडो १९८४ मध्ये निंटेंडोत आले आणि पुढच्याच वर्षी हा गेम आला. मोठ्या चाली मोजून सहा: जमीन, भुयार, पाणी, किल्ला, तारा मिळाल्यावरची आणि राजकुमारी सुटल्यावरची. बाकी जीव गेला, झेंडा उतरला, गेम ओव्हर झाला असे चिमुकले तुकडे. एवढ्याशा ऐवजावर हे संगीत जगभर पाठ झालं. चाल गोड आहे म्हणून, असं सगळे सांगतात. मला ते कारण अपुरं वाटतं.

हा गेम ज्यावर आला त्या फॅमिकॉम या निंटेंडोच्या मशीनच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनेल आहेत. सुरांसाठी दोन पल्स आणि एक ट्रँगल, खरखरीसाठी एक नॉइज, आणि रेकॉर्ड केलेले आवाज वाजवण्यासाठी पाचवा. या गेममध्ये पाचवा वापरलेलाच नाही. उरले चार, आणि उडी, नाणं, वीट, फायरबॉल यांचे आवाजही त्याच चारांत बसवायचे. म्हणजे उडीचा आवाज वाजायचा तर संगीतातल्या कुणाला तरी तेवढ्यापुरतं उठावं लागणार.

आता कोण उठतं ते ऐका. मुख्य सुरावट दुसऱ्या पल्सवर आहे, तिची साथ पहिल्यावर. बेस ट्रँगलवर, ठेका नॉइजवर. उडी मारली की पहिला पल्स उडीला जातो. साथ क्षणभर थांबते, सुरावट चालूच राहते. नाणं घेतलं की मात्र दुसरा पल्स जातो, म्हणजे खुद्द सुरावटीच्या जागी नाणं वाजतं. वीट फुटली की तेवढा ठेका जातो. ट्रँगलला मात्र एकही आवाज हात लावत नाही. वर कितीही पळापळ होवो, बेस अखंड चालू.

सगळ्यात जास्त वेळा आपण काय करतो? उडी मारतो. आणि उडीने चाल तुटत नाही. नाणं ही बक्षिसाची गोष्ट, ती सुरावटीची जागा घेते आणि ती घेतलेली आवडते. नाण्यांच्या रांगेतून पळताना चालीचा अर्धा भाग आपणच वाजवत असतो. म्हणून माझं म्हणणं, हे संगीत नुसतं ऐकणाऱ्याने ते अर्धंच ऐकलंय. प्रत्येक खेळणाऱ्याचा १-१, म्हणजे गेमची पहिली लेव्हल, वेगळा वाजतो आणि तोच त्या चालीचा खरा प्रयोग.

जमिनीची चाल स्वतःही हुशार आहे. सुरुवात सा-रे-ग-म मध्ये लिहिली तर: ग ग ग, सा ग प, मग खालचा प. एवढ्यात गेम सुरू झाल्याचं अंगाला कळतं. पुढे छोटे छोटे तुकडे आहेत आणि ते एकाच क्रमाने येत नाहीत, उलटसुलट परत येतात. त्यामुळे दीड मिनिटाच्या आतली चाल तासभर ऐकूनही तोंडपाठ झाल्यासारखी कंटाळा आणत नाही. वेळ १०० च्या खाली गेली की इशारा वाजतो आणि तीच चाल आणखी घाईने धावू लागते. तेव्हा माझी बोटं अजूनही घट्ट होतात.

माझ्या लेखी जुन्या गेममधलं सगळ्यात पूर्ण संगीत हेच. असहमत असाल तर जरूर लिहा.

मंद्रसप्तक:

असहमत, आणि मुद्द्यावर असहमत.

चॅनेल उठवणं ही त्या चिपची सक्ती होती. त्या मशीनवरच्या जवळपास प्रत्येक गेमची तीच गत आहे. जागा कमी पडली म्हणून साथीदाराला उठवलं, यात कला कुठली? साथ तुटलेली ऐकू येते, एवढीच वस्तुस्थिती आहे. तिला तुम्ही 'प्रयोग' म्हणता ते प्रेमापोटी.

दुसरं, चाल ती चाल. हात मोकळे असताना, डोळे मिटून ऐकली तर ती उभी राहते का, हीच कसोटी. या कसोटीवर सहापैकी एक चाल धड उतरते, जमिनीची. पाण्याची बरी आहे. किल्ल्याची काही सेकंदांत संपते आणि परत तिथूनच सुरू होते. शेवटच्या किल्ल्यात वाट चुकून फेऱ्या मारताना ती डोक्यात खिळ्यासारखी ठोकली जाते. ताऱ्याची तर दोन झोके, बास. १९८८ चा 'मेगा मॅन २' घ्या. तीच चिप, तीच जागेची ओढाताण, पण त्यातल्या खलनायकाच्या, वायलीच्या, किल्ल्यातली पहिली चाल नुसती ऐकली तरी छाती भरून येते. तिला कंट्रोलरची कुबडी लागत नाही.

भुयारी:

मंद्रसप्तक, किल्ल्याबद्दल तुमच्याशी भांडत नाही. पण तुम्ही भुयाराचं नावसुद्धा घेतलं नाहीत, म्हणून लिहितोय.

१-२ मध्ये पाइपातून खाली उतरलो की काय होतं? ठेका जातो. १-१ भर पायाखाली असलेला नॉइज एकदम नाहीसा. मग सा आणि वरचा सा, ध आणि वरचा ध, कोमल नि आणि वरचा नि. प्रत्येक सूर आधी खाली, मग लगेच सप्तकभर वर. आणि त्यानंतर विराम. पूर्ण, मोकळा विराम. त्या विरामात तुमची उडी, तुमची फुटलेली वीट, एवढंच ऐकू येतं. कोंडोंनी तिथे जागा रिकामी ठेवली आहे आणि ती खेळणारा भरतो.

आठबिटी, तुमच्या सिद्धांताचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही एका शब्दात उरकलात याची चुटपुट लागली. जमिनीच्या चालीत खेळणारा साथीच्या जागी बसतो. भुयारात तर तोच मुख्य वादक.

आठबिटी:

भुयारी, मान्य. मी जमिनीच्या प्रेमात वाहून गेलो. विरामाचा मुद्दा माझ्या मुद्द्याहून सरस आहे.

मंद्रसप्तक, सक्ती होती हे कुणी नाकारत नाही. पण सक्तीत कुणाला उठवायचं हे माणसाने ठरवलंय. उडीला सुरावटीचा पल्स देता आला असता. तसं केलं असतं तर पाच सेकंदांत चालीच्या चिंध्या झाल्या असत्या. नाण्याला साथीचा देता आला असता, मग नाणं मागे कुठेतरी वाजलं असतं, आज वाजतं तसं समोर येऊन नाही. ही निवड आहे. वृत्तात लिहिणाऱ्यालाही मात्रांची सक्ती असते, म्हणून ओळ वृत्ताने लिहिली असं आपण म्हणत नाही.

मेगा मॅनच्या चाली मलाही प्रिय आहेत. पण त्या ऐकताना मी श्रोता असतो.

मंद्रसप्तक:

वृत्ताचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूने जातं. वृत्तातली ओळ कागदावरही पूर्ण असते. वाचणाऱ्याने मध्ये टाळ्या वाजवल्या तरच ती पूर्ण होते असं कुणी म्हणत नाही.

बेसला कुणी हात लावत नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं. काल हेडफोन लावून पाहिलं. बरोबर आहे.

सोळाबिटी:

तुम्ही दोघंही चार चॅनेलमध्ये अडकलात. १९९३ चा 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' घ्या. हाच गेम, याच चाली, पण सुपर निंटेंडोवर. आठ चॅनेल, खऱ्या वाद्यांचे नमुने. उडी मारली की साथ जाते वगैरे भानगड फारशी उरत नाही. जमिनीच्या चालीला भरदार अंग आहे, किल्ल्यात अंधार जाणवतो. कोंडोंच्या मनात काय होतं ते इथे नीट ऐकू येतं असं मला वाटतं. मूळ आवृत्ती म्हणजे कच्चा आराखडा. तिच्यावरचं प्रेम हे पहिल्या प्रेमासारखं असतं, समजू शकतो, पण परीक्षण करायला बसलोय तर ते बाजूला ठेवायला हवं.

आणि पुढे जायचंच तर १९९० चा 'सुपर मारिओ वर्ल्ड' आहे. तिथे बहुतेक लेव्हलच्या चाली एकाच सुरावटीची रूपं आहेत: तीच पाण्यात संथ होते, भुयारात घुमते. आणि योशी या डायनासोरवर बसलं की चालीत बाँगो मिसळतात, उतरलं की जातात. खेळणाऱ्याने संगीत बदलणं म्हणायचं तर हे, आणि इथे काही तोडावं लागत नाही.

भुयारी:

योशीचे बाँगो! त्यासमोर माझा काही इलाज नाही. ते ऐकण्यासाठी मी विनाकारण योशीवरून चढउतार केलेली आहे.

पण ऑल-स्टार्सबद्दल साफ नाही. मूळ भुयारात सूर कोरडे आहेत. सूर संपला की संपला, म्हणूनच त्याच्या पुढचा विराम एवढा रिता वाटतो. सुरांना शेपूट आली की विराम बुजतो. जास्त वाद्यं आली म्हणजे जास्त संगीत आलं असं होत नाही.

झेंडाखांब:

वाद कशाला? २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत मारिओची हीच जमिनीची चाल घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ. विषय संपला.

मंद्रसप्तक:

त्याने विषय संपत नाही. यादीत जाणं म्हणजे महत्त्वाचं असणं. ते मी नाकारलेलंच नाही. प्रश्न पूर्णतेचा आहे. आणि नीट पाहिलं तर यादीवाल्यांनी चाल घेतली, कुणाच्या उड्यांसकट खेळ घेतला नाही. म्हणजे त्यांनीही ती सुटी ऐकण्यासारखी मानली. आठबिटींच्या सिद्धांताला हे उलट जड जाईल.

आठबिटी:

जड जातं, खरं आहे. सुटी चाल संगीत नाही असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या पहिल्या लिहिण्यातून तसं निघतं. 'अर्धंच ऐकलंय' हा शब्द मागे घेतो. चाल सुटी उभी राहते. हातात कंट्रोलर आला की तीत आणखी एक वादक येतो, आणि त्या वादकासाठी जागा आधीपासून ठेवलेली आहे. मागे जाऊन ऐकलं तर ही जागा सुट्या चालीतही दिसते: सुरावट सलग नाही, तुटक आहे, मध्ये श्वास आहेत. कोंडोंनी सांगितलंय की जमिनीसाठी आधी केलेली संथ चाल मारिओच्या पळण्याशी जुळेना, म्हणून ती टाकून दिली. म्हणजे कसोटी गेमच्या हालचालीची होती. डोळे मिटून ऐकण्याची नव्हती.

सोळाबिटी, बाँगोंबद्दल काहीच म्हणणं नाही, ती अस्सल कल्पना आहे. पण योशीवर बसणं ही एक खटक्याची गोष्ट: बसलात, उतरलात. उडी मी दर सेकंदाला मारतो आणि प्रत्येक वेळी चालीत वेगळ्या जागी पडते. मोठा मारिओ असेल तर उडीचा आवाजसुद्धा खालच्या सुराचा. मशरूम खाल्लं की माझं वाद्य बदलतं!

सोळाबिटी:

मोठ्या आणि छोट्या मारिओच्या उडीतला फरक इतक्या वर्षांत माझ्या कानाला कधी पकडता आला नव्हता. आत्ता लावून पाहिलं. आहे.

ऑल-स्टार्स तरीही जास्त आवडतो.

पाणघोडा:

पाण्याबद्दल कुणी नीट बोललंच नाही म्हणून खास लिहायला आलो. सबंध पाण्यातल्या लेव्हल दोनच, २-२ आणि ७-२. आणि त्यांच्यासाठी केलेली चाल तीन मात्रांची, वॉल्ट्झ. अख्खा गेम धावतोय आणि मध्येच हा झोका. पाण्यात मारिओचं शरीर जड होतं, बटण दाबलं की तो थोडा वर येतो आणि परत बुडू लागतो. तीन मात्रांचा ताल त्या वरखाली होण्याला असा बसलाय की मी नकळत पहिल्या मात्रेवर बटण दाबू लागतो. पोहण्याचा आवाजही पहिल्या पल्सवर, म्हणजे साथीच्या जागी. मंद्रसप्तक, तुम्ही हिला 'बरी' म्हणालात. माझ्या मते सहांत ही पहिली. एकदा २-२ खेळून बघा, नाणी सोडून द्या, फक्त मात्रा मोजत वर राहा.

मंद्रसप्तक:

२-२ खेळलो. आधी आवाज बंद करून, मग चालू करून, असं तीन तीन वेळा.

आवाज बंद असताना मी बटण उगाच भराभर दाबत होतो आणि सारखा वर जाऊन स्क्रीनच्या टोकाला टेकत होतो. आवाज चालू केल्यावर दाबणं संथ झालं. दरवेळी पहिल्या मात्रेवर पडतं असं नाही, पण तीनच्या मोजणीत पडतं. हे मी ठरवून केलं नाही. दुसऱ्या खेपेला एका स्क्विडपासून वाचण्यासाठी घाईने दोनदा दाबलं, तर लय चुकल्यासारखी रुखरुख वाटली, जीव वाचला असूनही.

पाण्याची चाल 'बरी' म्हणालो ते खोडतो. किल्ल्याच्या चालीबद्दलचं मत कायम आहे, आणि वायलीच्या किल्ल्याबद्दलचंही. भुयार आज रात्री.