आईसाठी असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांना मदत मिळते अशी राहायची जागा) बघतेय, तिथे नक्की काय काय करतात?

प्रश्न:
नमस्कार, आई ७९ वर्षांची, डोंबिवलीत एकटी असते, मी बंगळुरूला. जूनमध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालते पण अंघोळ, कपडे याला कोणीतरी लागतंच. ब्युरोतून मावशी येतात, चार महिन्यांत पाच बदलल्या, एखादी आली नाही की मी इथून नुसती फोन करत बसते. माझ्याकडे यायला तयार नाही, म्हणते बाराव्या मजल्यावर मी कोणाशी बोलू. पुण्यात दोन-तीन ठिकाणी फोन केले, सगळे "चोवीस तास केअर" एवढंच सांगतात. ज्यांचं कोणी राहतंय त्यांनी प्लीज खरं सांगा.

प्रतिसाद १:
माझे बाबा दोन वर्षं आहेत. आधी हे बघा, सीनियर लिव्हिंग वेगळं, त्यात स्वतःचा फ्लॅट, मेस, डॉक्टर येऊन जातात, पण अंघोळ कोणी घालत नाही. तुम्हाला असिस्टेडच लागेल. बाबांना साडेसहाला चहा, मग मदतनीस अंघोळ घालतो, गोळ्या सिस्टर समोर उभं राहून देतात, अकराला खुर्चीत बसून व्यायाम, चारनंतर पत्ते. जेवण संध्याकाळी सातला, हे त्यांना फार जड गेलं कारण घरी नऊशिवाय पान वाढलं जात नव्हतं. आणि रात्रीचं खोदून विचारा. आधीच्या ठिकाणी रात्री अख्ख्या मजल्याला एकच माणूस, बाबा बेल दाबून अर्धा तास ओल्या कपड्यात बसले होते, त्याच आठवड्यात हलवलं. डायपर, फिजिओ, हॉस्पिटलला सोबत जाणारा माणूस याचे पैसे वेगळे लागतात का तेही विचारा, आमच्याकडे लागतात.

प्रतिसाद २:
पैशांचं थोडं. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरच्यांना राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. खाजगी असेल तर सांगितलेला आकडा जीएसटी धरून की सोडून ते लेखी घ्या. ७० च्या पुढे सरकारी आयुष्मान कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर, इथल्या महिन्याच्या बिलाला नाही. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून खोलीतूनच होतो. काही अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

प्रतिसाद ३:
मुली, मी स्वतः ८१ ची, अशाच ठिकाणी राहते, नातवाने टाइप करायला शिकवलंय. पहिला महिना रडण्यात गेला. देव आणू दिले पण निरांजन लावू देत नाहीत, आगीची भीती, आणि मला ते अजून पटलेलं नाही. गॅसजवळ जायचं नाही म्हणून हात रिकामे, मग मीच मागून घेतलं, आता गुरुवारी मेथी निवडायला खाली जाते, तिथल्या पोरी घरचं सगळं सांगतात. घर विकू नकोस, नुसतं कुलूप लाव. आधी पंधरा दिवस राहायला आण, आणि जागा बघायला तिलाच ने, तू एकटी जाऊन ठरवू नकोस. खोलीत येताना दार वाजवतात की सरळ आत घुसतात ते बघ.

मूळ प्रश्न विचारणारी:
आजी, तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. दिवाळीनंतर पंधरा दिवस यायला हो म्हणाली. तिने एकच विचारलंय, अंघोळ बाईच घालते ना?

प्रतिसाद ३:
आमच्याकडे बाईच. पण सुट्टीच्या दिवशी कोण येतं तेही विचारून घे.