लंडनमध्ये तापास कुठे खावेत? आई शाकाहारी, शिवाय गुडघेदुखी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईबाबा पहिल्यांदाच लंडनला येत आहेत. आम्ही स्पेनमधल्या सेव्हिलला जाऊन आल्यापासून बाबा फोनवर तिथल्या तापासबद्दल, म्हणजे छोट्या बशांतल्या पदार्थांबद्दल, विचारत असतात, म्हणून एक संध्याकाळ त्यांना स्पॅनिश जेवायला न्यायचंच आहे.

बाबांची काळजी नाही. मालवणचा माणूस, मासळीवर जीव. लसणीतली कोळंबी (गाम्बास अल आखिय्यो), व्हिनेगरमधले बोकेरोनेस (छोटे अँकोव्ही मासे), गालिसियाचा पाप्रिका घातलेला ऑक्टोपस, सगळं आवडीनं खातील. आई मात्र मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. तिच्याजोगंही पुष्कळ आहे: बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट), पातातास ब्राव्हास (तिखट सॉसमधले तळलेले बटाटे), पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या (एखादीच तिखट निघते), टोमॅटो चोळलेला पाव. सेव्हिलची पालक-काबुली चण्यांची भाजी तर तिला नक्कीच आवडेल. पण हॅम (डुकराचं मांस) कुठून येईल सांगता येत नाही. साल्मोरेखोवर (टोमॅटोचं घट्ट गार सूप) भुरभुरलेलं असतं, वाटाण्यात, आर्टिचोकमध्ये असतं, क्रोकेतासच्या (तळलेल्या क्रोकेट्सच्या) सारणात तर बहुतेकदा तेच. घास तोंडात गेल्यावर तिला कळलं तर ती उपाशी उठेल, आणि आम्हाला ते बघवणार नाही.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. सोहोतलं बाराफिना मला फार आवडतं, काउंटरला बसून समोर पदार्थ होताना बघत खायचं. पण उंच स्टूल, वर कधी बाहेर रांगही. बर्मंडसी स्ट्रीटवरचं खोसे तर इतकं लहान की बरेचसे लोक उभ्यानंच खातात. तापासची खरी मजा त्या गर्दीतच आहे, तरी आईला तासभर उभं करणार नाही.

तर पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आगाऊ बुकिंग आणि शाकाहाराची नीट समज असलेली जागा कोणी सुचवाल का? आम्ही चौघं, दीडशे पाउंडांपर्यंत.

प्रतिसाद १
एक्स्माउथ मार्केटमधलं मोरो बघा. १९९७ पासून आहे. स्पेनबरोबर उत्तर आफ्रिकेचाही हात आहे त्यांच्या जेवणाला, त्यामुळे भाज्या, डाळी, कडधान्यं मनापासून करतात. टेबलं व्यवस्थित, बुकिंग होतं. वाइन घेतलीत तर दीडशेत बसणं कठीण. शेजारचं मोरितो त्यांचंच, पण जागा अगदी दाटीवाटीची, तुमच्या आईंना त्रास होईल.

प्रतिसाद २
खोसेच्याच रस्त्यावर त्याच शेफचं पिझारो आहे, तिथे टेबल राखून ठेवता येतं. लंडन ब्रिज स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, तरी आईंसाठी टॅक्सी करा.
कुठेही गेलात तरी नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. हॅम, अँकोव्ही आणि मांसाचा स्टॉक, तिन्हींची नावं घेऊन विचारा. चण्यांच्या पदार्थात स्टॉक असू शकतो. भाज्या मासळी तळलेल्याच तेलात तळतात का, तेही विचारा. मान्चेगो या स्पॅनिश चीजमध्ये सहसा प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरलेला, वासरा-कोकरांच्या जठरातला पदार्थ) असतं, आईंना चालत नसेल तर मागवू नका. हे सगळं बुकिंग करतानाच कळवा, ऐन गर्दीत वेटरला आत जाऊन विचारायला सवड नसते.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. रेनेटचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच आईला विचारते. मोरोला संध्याकाळी सहाच्या सुमारास शांत असतं का? आईबाबा लवकर जेवतात.