पेशी म्हणजे कॉम्प्युटर, असं पोरांना शिकवावं का?

लातूरची मास्तरीण

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पोरं पहाटेपासून नीटच्या अभ्यासाला बसलेली असतात, व्याख्या तोंडपाठ असतात, पण लॅक ओपेरॉन, म्हणजे जिवाणूतला जनुकांचा एक स्विच, आला की सगळ्यांच्या माना खाली. गेल्या आठवड्यात पुस्तक मिटलं आणि विचारलं, शेतातल्या मोटारीला ऑटो कोणाकोणाकडं आहे? अर्ध्या वर्गाचे हात वर. ऑटो काय करतो? लाईट आली पाहिजे आणि तिन्ही फेज नीट पाहिजेत. दोन्ही जमलं तरच मोटार चालू होते, रात्री दोनला उठून विहिरीवर जावं लागत नाही. मग फळ्यावर लिहिलं : ई. कोलाय जिवाणूला ग्लुकोज मिळत असेल तोवर तो लॅक्टोजकडं, म्हणजे दुधातल्या साखरेकडं, बघत नाही. ग्लुकोज संपलेलं हवं आणि लॅक्टोज हजर हवं, तेव्हाच लॅक्टोज पचवणारी जनुकं जोरात चालू होतात. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, हा तर जिवाणूचा ऑटो झाला की!" जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जनुकांचा हा स्विच १९६१ साली मांडला, १९६५ ला त्यांना नोबेल मिळालं. माझ्या पोरांना तो त्या एका तासात कळला.

तिथून मी सिंथेटिक बायोलॉजीवर आले. निसर्गात असे स्विच आहेत, मग आपल्या मनासारखा स्विच करून पेशीत बसवता येईल का? जानेवारी २००० मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन प्रयोग छापून आले. एकात दोन जनुकं एकमेकांना दाबून धरतात. आपल्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटार चालूच राहते, लाल दाबलं की बंद राहते, तसंच. म्हणजे शेवटी काय दाबलं होतं ते पेशीच्या लक्षात राहिलं. दुसऱ्यात तीन जनुकं गोल बसवली, पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं परत पहिल्याला. त्यामुळं जिवाणू ठरावीक वेळानं हिरवा चमकायचा आणि विझायचा. पेशीतलं घड्याळच ते.

टॉम नाइट हे मुळात कॉम्प्युटर बनवणारे इंजिनिअर. त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत डीएनएचे तुकडे नट-बोल्टसारखे एका मापाचे करायची कल्पना लावून धरली. त्यातूनच २००४ पासून कॉलेजच्या पोरांची आयजेम स्पर्धा सुरू झाली, आपल्या देशातले संघही तिथं जातात. डीएनएची अक्षरं चार, म्हणजे एका अक्षराला दोन बिट (कॉम्प्युटरच्या ० किंवा १ च्या दोन जागा). ई. कोलायची अक्षरं साधारण ४६ लाख. हिशोब केला तर सव्वा एमबीसुद्धा भरत नाही, जुन्या फ्लॉपीत मावेल. हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

माझं मत सरळ आहे, पोरांना असंच शिकवावं. माझे एक सहकारी मात्र म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिशाभूल करताय, पेशी यंत्र नाही." तुम्हाला काय वाटतं?

परभणीकर पुण्यात

मॅडम, शंभर टक्के तुमच्या बाजूनं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, पण ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचा बारीक स्विच, कधी डोळ्यानं बघितला नाही. बघायची गरजच पडली नाही, खालचा थर करणाऱ्यानं तो पक्का करून ठेवलाय. जीवशास्त्रात नेमकं तेच चाललंय. २०१६ साली एमआयटीत ख्रिस्तोफर व्हॉइट यांच्या गटानं सेलो नावाची प्रणाली आणली. चिपची रचना ज्या व्हेरिलॉग भाषेत लिहितात त्याच भाषेत आपल्याला काय हवं ते लिहायचं, आणि त्यासाठी डीएनए कसा हवा ते प्रोग्रॅम काढून देतो. अशी ६० सर्किटं त्यांनी ई. कोलायमध्ये घातली, त्यातली ४५ प्रत्येक स्थितीत बरोबर चालली.

आपली पोरं आयटी म्हणून पुणे गाठतात. पुढचं दार हे आहे. केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये बायोई-३ हे जैवतंत्रज्ञानातून उत्पादन वाढवायचं धोरण मंजूर केलं, त्यात असंही काम येतं. ज्याला प्रोग्रॅमची भाषा येते त्याला जीवशास्त्राची भीती वाटू नये, एवढं तरी या तुलनेनं साधतं.

बेगमपुऱ्यातून

मी संभाजीनगरला पीएचडी करतेय, काम जिवाणूंवरच. मॅडमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. कामून, ते सांगते.

जेलीफिशचं चमकणारं जनुक घालून मी ई. कोलाय वाढवले होते. पहिल्या दिवशी निळ्या उजेडात प्लेट धरली तर सगळ्या वसाहती हिरव्या. रोज त्यातलेच थोडे घेऊन नव्या खाद्यात घालत गेले. आठवडा होत आला तसे मधेमधे पांढरे ठिपके दिसू लागले, पुढं ते वाढतच गेले. मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकलं. गाईड म्हणाल्या, "तू चुकली नाहीस. चमकायला खर्च येतो, त्यांनी खर्च टाळला." सगळं अनुकूल असलं की हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. एखाद्याच्या जनुकात बिघाड झाला, चमकणं थांबलं, की त्याचं तेवढं खाणं वाचतं आणि तो इतरांच्या पुढं पळतो. तुमच्या बँकेच्या प्रोग्रॅमची एखादी ओळ गळाली तर तो प्रोग्रॅम बाकीच्यांपेक्षा जास्त पिल्लं घालतो का?

दुसरं वायरींचं. चिपवर एकच प्रकारचा ट्रान्झिस्टर अब्जावधी वेळा वापरता येतो, कारण प्रत्येकाची वायर वेगळी. पेशीत वायरच नाही. सगळे रेणू एकाच पाण्यात फिरतात. गावातल्या एका आडात सगळ्यांचे पोहरे सोडलेत, आणि माझ्या पोहऱ्यातलं पाणी माझंच असं म्हणायचं! म्हणून प्रत्येक स्विचला वेगळं प्रथिन शोधावं लागतं, ते दुसऱ्याच्या कामात लुडबुड करत नाही हे तपासावं लागतं. सेलोतसुद्धा मुख्य अडचण हीच. आणि वेग? एक स्विच पलटायला कित्येक मिनिटं, कधी तास.

खालचा थर पक्का आहे म्हणता, दादा. क्रेग व्हेंटर या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये जगायला लागतील तेवढीच जनुकं ठेवून एक जिवाणू केला. जनुकं ४७३. त्यातल्या १४९ जनुकांचं नेमकं काम काय ते त्यांनाही तेव्हा सांगता आलं नाही. आपणच जोडलेल्या यंत्रातले जवळपास एकतृतीयांश भाग कशाला आहेत ते ठाऊक नाही, आणि काढले तर यंत्र मरतं नाहीतर रडतखडत चालतं.

माळरान, जालना

माझं शिक्षण बारावीपर्यंत. कपाशी करतो, म्हणून बोलतो. बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं बियाणं, २००२ ला आलं, २००६ ला दोन जनुकांचं आलं. सुरुवातीची वर्षं लई चांगली गेली, ते नाकारत नाही. २०१७ ला मराठवाड्यात, विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. माझ्या रानात वरून हिरवं टच्च दिसणारं बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुईला डाग. पाच वेचण्या व्हायच्या तिथं दोन झाल्या.

परभणीकर भाऊ, तुमच्या सॉफ्टवेअरात चूक निघाली तर रात्रीतून दुरुस्ती पाठवता. माझ्या रानातल्या पराटीला दुरुस्ती कोण पाठवणार? आणि अळी थांबत नाही. ती दरसाल शिकते.

परभणीकर पुण्यात

काका, तुमच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं. पण बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक उचलून पिकात घातलेलं. मॅडम म्हणतात ते सर्किट, स्विच, मोजून-मापून केलेली रचना, ती वेगळी. दुसरं असं, अळी लवकर शिकू नये, म्हणजे बीटीला दाद न देणाऱ्या अळ्या माजू नयेत, म्हणून उपाय दिलेलाच होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, ते कडेनं लावायचं होतं, म्हणजे तिथं साध्या अळ्या टिकतात आणि त्यांच्याशी संकर होऊन बीटीला न जुमानणाऱ्यांची संख्या लवकर वाढत नाही. किती जणांनी लावलं?

माळरान, जालना

खरं आहे, मीही लावलं नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे पीक न उपटता तसंच पुढं राखलं, तेही मीच. पण भाऊ, दोन एकरवाल्याला सांगायचं की कडेच्या ओळी अळीसाठी सोड, आणि हे कामून करायचं ते दुकानात कोणी दोन मिनिटं समजावून सांगायचं नाही. ते पाकीट बांधावर पडलं. तुमच्या प्रोग्रॅमात माणूस कुठं बसतो ते आधी सांगा. रानात त्याच्यावाचून काहीच चालत नाही.

आईची लेक, बीड

दोन्हीकडचं वाचलं. माझी आई पंधरा वर्षं इन्सुलिन घेते. फ्रिज बंद पडला त्या उन्हाळ्यात आम्ही शिश्या ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवल्या होत्या, दिवसातून तीनदा फडकं भिजवायचं. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते करून दाखवलं, १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. म्हणजे जिवाणूला काम सांगता येतं आणि तो ते करतो. माझ्या घरात रोज सकाळी त्याचा पुरावा आहे. रानात फसलं म्हणून पोरांना हे शिकवायचंच नाही, असं कोणी म्हणू नये.

बेगमपुऱ्यातून

ताई, शिकवू नका असं मी म्हणत नाही. तुमच्या इन्सुलिनमुळंच मला जे म्हणायचंय ते नीट सांगता येईल. इन्सुलिन करणारे जिवाणूसुद्धा बदलतातच. पण ते बंद टाकीत असतात, आणि दर खेपेला नवी सुरुवात गोठवून ठेवलेल्या मूळ कुपीतून होते. जुन्याच टाकीतलं पुढं ढकलत नाहीत. आपण घरी विरजणाचं काय करतो? रोज कालच्या दह्यातूनच लावतो, आणि चार महिन्यांनी दह्याला तार येऊ लागली की शेजारणीकडून वाटीभर आणतो. ती शेजारीण म्हणजे त्यांची गोठवलेली कुपी. काकांच्या रानातल्या अळीची अशी जुनी कुपी कुठंच नाही, तिला मागं नेता येत नाही. टाकीत चाललं आणि रानात फसलं, त्यातला एक मोठा फरक हा.

मॅडम, ऑटोचं उदाहरण छान आहे, तेच ठेवा. पण त्याच तासात विरजणाची वाटी पण टेबलावर ठेवा. ऑटो स्वतःसारखा दुसरा ऑटो घडवत नाही.

परभणीकर पुण्यात

मी अजून माझ्या मतावर आहे. बदलतं म्हणून घाबरायचं कशाला? फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच मिळालं. जनुकात मुद्दाम बदल घडवायचे, हजारोंतून चांगलं काम करणारं एन्झाइम निवडायचं, परत बदलायचं. बदल हेसुद्धा हत्यारच झालं.

बेगमपुऱ्यातून

बरोबर. पण दादा, ही पद्धत कॉम्प्युटरवाल्याची नाही हो, शेतकऱ्याची आहे. चांगलं कणीस बघून बियाणं राखून ठेवायचं, हे आपल्या आज्ज्या करतच आल्या.

लातूरची मास्तरीण

सगळं दोनदा वाचलं. ऑटो सोडणार नाही, पोरं त्याच दारानं आत आली. पण ४७३ आणि १४९ हे आकडे शनिवारी फळ्यावर लिहिणार, आणि दही घरून नेणार, आजचं आणि तार आलेलं असं दोन्ही. काका, अळी दरसाल शिकते म्हणालात, ते पोरांनी पुस्तकात वाचलंय, बघितलं कोणीच नाही. तुमच्याकडं सध्या काही दाखवण्यासारखं आहे का?

माळरान, जालना

फुलं लागलीत, डोमकळ्या दिसू लागल्यात. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात, उकललं की आत अळी. पाच-सहा तोडून डब्यात घालतो. एसटीत वाहकाकडं दिल्या तर लातूरला पोचतील.

लातूरची मास्तरीण

गाडी निघाली की कळवा, स्टँडवर पोरगं पाठवते. झाकण घट्ट लावा काका, पण अळी जिवंत राहू द्या.