मदत हवी आहे : सोलापुरात ११ महिन्यांच्या मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवतोय, नीट कसे जमवावेत?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात रात्र जागून फुटबॉल बघणाऱ्या पोरांचा आमचा ग्रुप आहे. कोल्हापुरासारखा पेठापेठांतला फुटबॉल इथे नाही, पार्क मैदानावर गर्दी होते ती क्रिकेटला. तरी अर्जेंटिना, ब्राझील, लिव्हरपूल, युनायटेड असे सगळ्या झेंड्यांचे आम्ही एकाच स्क्रीनसमोर बसतो आणि रविवारी टर्फवर खेळतो.

आमच्या गोलकीपरच्या मुलीला व्हीएसडी निघालाय. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. दूध पिताना दमते, कपाळ घामाने भिजतं, वजन वाढत नाही, न्यूमोनियाही होऊन गेला. टूडी इको झाली. छिद्र मोठं आहे, पुण्याला न्या, महिना-दोन महिन्यांच्या पुढे ढकलू नका, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलने साडेतीन लाखांचा अंदाज दिलाय.

तो पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्याची बायको घरी विड्या वळते. आकडा ऐकल्यापासून तो सावकाराकडे जायची भाषा करतोय आणि आम्हाला ते काहीही करून थांबवायचंय.

जर्सी आणि मोठ्या स्क्रीनसाठी साठवलेले पैसे सगळ्यांनी एका रात्रीत तिच्या नावावर केले. आता युनायटेडवाल्यांनी ग्रुपवर आकडा टाकला की लिव्हरपूलवाले त्याच्यावर चढ लावतात. ८० हजारांच्या आसपास पोहोचलोय. संडरलँडच्या कॅन्सर झालेल्या एका चिमुकल्या चाहत्यासाठी २०१६ साली एव्हर्टनने, म्हणजे दुसऱ्याच क्लबने, २ लाख पौंड दिले होते. ते आमच्या सगळ्यांच्या मनात आहे. टर्फवाल्या काकांनी दोन रात्री फुकट दिल्यात, तिथे प्रवेश फी लावून स्पर्धा घ्यायची ठरवलंय.

अडलंय ते इथे. पैसे सध्या माझ्या खात्यावर यूपीआयने येतायत आणि मला ते बरोबर वाटत नाही. ते कुणाच्या खात्यात घ्यावेत? अनोळखी लोकांकडून घ्यायचे तर परवानगी लागते का? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर डबे घेऊन उभं राहावं असं काही जण म्हणतायत. चौकात बाळाच्या फोटोचा फ्लेक्स लावायचीही सूचना आहे, बाप गप्प आहे. आणि साडेतीन लाख जमेपर्यंत थांबायचं की आहे त्यात पुढची वाट धरायची? केशरी रेशनकार्ड आहे, पण बाळाचं नाव अजून त्यावर चढलेलं नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद : वॉर्डातली_ताई

बालरुग्ण विभागात परिचारिका आहे, म्हणून आधी बाळाचं बोलते. मोठ्या छिद्रातून जास्तीचं रक्त फुफ्फुसांकडे जात राहतं आणि तिथला दाब वाढतो. तो फार वाढून कायमचा झाला तर नंतर छिद्र बुजवताही येत नाही. डॉक्टरांनी मुदत दिली आहे ती यासाठी. पैसे जमेपर्यंत थांबू नका. सर्दी-ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, कारण छातीत संसर्ग असला की ऑपरेशनची तारीख पुढे जाते. लस कुठली राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आता पैशांचं. साडेतीन लाख कदाचित लागणारच नाहीत! महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं आहेत. केशरी कार्ड चालतं. बाळाचं नाव नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांची आधारकार्डं सोबत ठेवा. १५५३८८ वर फोन करून पुण्यातली योजनेतली हॉस्पिटलं विचारा आणि दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. ही योजना कॅशलेस आहे, आधी बिल भरून मग पैसे परत मागता येत नाहीत.

दुसरी वाट अंगणवाडीतून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहेत. अंगणवाडीच्या ताईंना इकोचा कागद दाखवा. खारघरला श्री सत्य साई संजीवनीतही मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, तिथेही रिपोर्ट पाठवून ठेवा.

प्रतिसाद : मंडळाचा_खजिनदार

गणपतीत वर्गणीसाठी आम्ही दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी काढतो. डबे घेऊन यात्रेत उभं राहायचं तर आधी त्या कार्यालयात विचारा. माझं मत विचाराल तर डबे नकोतच. त्या पैशांचा हिशोब कुणालाच दाखवता येत नाही आणि उद्या बोट दाखवलं जाईल ते त्या बापाकडे.

पैसे आईवडिलांच्याच खात्यात जाऊ देत. खातं मात्र तपासा. पूर्ण केवायसी नसलेलं छोटं खातं असेल तर वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही. आत्ताच केवायसी करून घ्या, ऐन वेळी अडकाल. तुमच्याकडचे ८० हजारही तिकडे वळवा आणि प्रत्येक नोंद ग्रुपवर टाका. स्पर्धा जरूर घ्या, फीचा हिशोब त्याच रात्री सगळ्यांसमोर वाचा.

फ्लेक्स लावू नका. ती पोरगी मोठी होऊन त्याच चौकातून शाळेत जाणार आहे.

प्रतिसाद : हुतात्माने_पुण्याला

माझ्या भाच्याचं असंच ऑपरेशन झालं, योजनेतून. ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत, बाकीच्या खर्चांनीच जीव काढला. पुण्यात आईवडिलांचं राहणं-जेवण, बाहेरून आणलेल्या काही वस्तू, नंतर तपासणीच्या खेपा आणि बापाची बुडालेली मजुरी. योजना हे घर चालवत नाही. तुमचे पैसे इथे लावा. शिवाय हॉस्पिटल रक्तदाते मागेल, त्यासाठी पोरांची रक्तगटासकट यादी तयार ठेवा. योजनेतून नाहीच जमलं तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच मागायला टाका, त्याला वेळ लागतो.

धागाकर्ता :

ताई, तुमचा प्रतिसाद बाळाच्या बापाला फोनवर वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला. सावकाराचा विषय त्याने स्वतःच बंद केला.

डबे आणि फ्लेक्स रद्द. उद्या तो कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेतोय. आधी बँकेत केवायसी, मग तहसील. त्याची बायको अंगणवाडीत जाणार आहे. १५५३८८ वर आमच्यातला एक जण सकाळी बोलेल. स्पर्धा होणारच, पण तिचे पैसे आता राहण्याजेवणाला आणि मजुरीला लावायचे. ऑपरेशनचं योजनेत बसलं आणि काही उरलं तर नंतरच्या तपासण्यांसाठी आईच्या नावाने ठेव करायची, असं सगळ्यांच्या संमतीने ठरलंय.

दोन गोष्टी अजून हव्यात. पुण्यात स्वयंपाक करता येईल अशी साधी खोली पंधरा-वीस दिवसांसाठी कुणाकडे आहे का? आणि बाळाचा गट बी निगेटिव्ह आहे. आमच्या यादीत त्या गटाचा एकच जण निघाला. पुण्यात या गटाचं कुणी असेल आणि बोलावल्यावर येऊ शकत असेल, तर मला व्यक्तिगत निरोप करा.