मदत हवी आहे: सभासदांपुरती नाट्यसंगीत क्रूझ, पन्नास हजार जादा द्यावेत का?

टिळकवाडीची सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे, पण नुसता पैशाचा असता तर इथे लांबण लावली नसती.

आम्ही बेळगावचे. घरात मी, हे आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वय 74, माहेर बेळगावातल्याच शहापूरचं, नाट्यपदांचं भयंकर वेड. 2015 साली बेळगावात नाट्यसंमेलन झालं, फैय्याज अध्यक्ष होत्या, तेव्हा आत्या रोज जेवणाचा डबा घेऊन मांडवात जाऊन बसायच्या. दुसरं वेड बोटीचं. त्यांच्या वडिलांनी आगबोटीच्या गोष्टी सांगून ठेवल्यात आणि त्या स्वतः आजवर होडीतसुद्धा बसलेल्या नाहीत.

नणंद पुण्यात असते, एका संगीत मंडळाची सभासद आहे. त्या मंडळानं जानेवारीत मुंबई–गोवा–मुंबई अशी दोन रात्रींची नाट्यसंगीत क्रूझ काढलीय. फक्त सभासदांसाठी. नणंदेचा रोज फोन, "वैनी, आईला घेऊन याच."

आता हिशोब बघा. तीच बोट, तीच तारीख, तशीच खिडकीची खोली आपण परस्पर बुक केली तर कर आणि पोर्टाचे पैसे धरून माणशी 21,500. मंडळाकडून माणशी 34,000. शिवाय सभासद नसलेल्याला घेत नाहीत, म्हणून तिघांची वर्षाची वर्गणी प्रत्येकी 4,000, ती परत मिळत नाही. म्हणजे 64,500 च्या जागी 1,14,000. वरचे 49,500 कशाचे? दोन संध्याकाळच्या मैफली, एक सकाळची गप्पांची बैठक, कलाकारांबरोबर एक जेवण, एक पिशवी आणि मानचिन्ह. मानचिन्ह कशाबद्दल ते कळलं नाही. एवढे पैसे भरल्याबद्दल असावं.

वर्गणीत वर्षभर इतर कार्यक्रमांना सवलत आहे म्हणे. ते सगळे कार्यक्रम पुण्या-मुंबईत. आणि सभासदत्वाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये राज्याच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ आधीच भरलेलं, बदलताच येत नाही. पिनकोड 590006 टाकला की फॉर्म लाल होतो. सीमाप्रश्न इतका पटकन सुटलेला मी पहिल्यांदाच बघितला.

यांचं म्हणणं वेगळंच. "चोर्ला घाट उतरून तीन तासांत पणजीला पोचणारी माणसं आपण. पाचशे किलोमीटर मुंबईला जायचं, तिथनं बोटीनं गोव्याला यायचं, गोव्यातनं परत मुंबई आणि मग बेळगाव? हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?" मला हसू येतं, पण उत्तर देता येत नाही.

दुसरीकडे मनात येतं, संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे. आणि गाणं जवळून ऐकायला आत्यांना पुण्याची वर्गणी. बरं, वय 74. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नाही.

अशा ‘थीम’वाल्या क्रूझला कोणी गेलंय का? पैसे वसूल होतात का? महिन्याअखेर पहिला हप्ता भरायचाय.

निपाणीकर_तंबाखूवाला:

ताई, पन्नास हजारात घरात बैठक करा की. चांगला तरुण गायक, पेटीवाला, तबलजी, तिघांचं मानधन, जेवण, येण्याजाण्याचा खर्च सगळं भागून गल्लीला चहा पाजता येईल. आत्याबाई आपल्या खुर्चीत बसून फर्माईश करतील. बोट पाहिजे तर गोव्यात मांडवीवर तासाभराची फेरी असते, ती मारा.

चिकोडीचा_वाटाड्या:

मी वीस वर्षं तिकिटं-बुकिंगच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न मंडळाला हा विचारा: आख्खी बोट घेतलीय की खोल्यांचा ब्लॉक? सगळा फरक इथे पडतो. आख्खी बोट घेतली असेल तर मोठं थिएटर, जेवणाच्या वेळा, डेकवरचं संगीत, सगळं तुमच्या मंडळाच्या हातात. मग जादा पैशाला अर्थ आहे. ब्लॉक असेल तर तुम्ही इतर प्रवाशांसारखेच प्रवासी. थिएटरमध्ये बोटीचे स्वतःचे शो चालू राहतात, डेकवर डीजे चालू राहतो, आणि तुमच्या मंडळाला एखादा हॉल ठरावीक तासांपुरता मिळतो. "सभासदांसाठीच" याचा अर्थ तेव्हा एवढाच, की त्या हॉलच्या दाराशी एक मुलगा यादी घेऊन उभा राहणार.

दुसरं, तिघं एकाच खोलीत राहणार असाल तर परस्पर बुकिंगमध्ये तिसऱ्या माणसाला बहुधा कमी दर लागतो. मंडळानं तिघांनाही सारखाच लावलाय. म्हणजे तुमचा खरा फरक 49,500 पेक्षाही जास्त निघेल. बाहेरचा दर तिघांचा मागून बघा.

तिसरं, दोन रात्रींत वेळ किती असतो ते मोजा. पहिल्या दिवशी दुपारी बॅलार्ड पियरला हजर व्हायचं, सामान तपासणी, चढणं, मग सेफ्टी ड्रिल, ती सगळ्यांना सक्तीची. संध्याकाळी बोट सुटते. दुसरा दिवस गोव्यात, बोट मुरगाव बंदराला लागते, तिथनं पणजी तीसेक किलोमीटर, दिवस बसमध्येच जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून उतरायचं. तुमच्या दोन मैफली आणि बैठक धरून फार तर सहा तास गाणं. 49,500 ला तिघांच्या अठरा तासांनी भागा. माणशी तासाला 2,750. एवढ्यात पहिल्या रांगेची किती तिकिटं येतात ते तुम्हीच सांगा.

टिळकवाडीची सून:

वाटाड्या भाऊ, हे तासाचं गणित यांना दाखवलं. तेव्हापासून घरात "चहा झाला का, 2,750 चा?" चालू आहे. मंडळाला फोन केला. दोनशे सभासद येणार म्हणाले. बोट आख्खी आहे का विचारलं तर "सगळी व्यवस्था स्वतंत्र आहे" एवढंच.

चिकोडीचा_वाटाड्या:

दोनशे म्हणजे ब्लॉकच. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची जी एम्प्रेस बोट सुटते ती घ्या, 1990 ची बांधणी, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होती. तिच्यात अठराशेच्या आसपास प्रवासी मावतात. दोनशे माणसांसाठी ती कोण कशाला रिकामी फिरवेल.

आता त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. हॉल कुठल्या मजल्यावर, किती वाजता, किती खुर्च्या. शेजारी डिस्को आहे का. गायक ठरलेत की "नामवंत कलाकार" एवढंच छापलंय. आणि गायक आयत्या वेळी बदलला तर पैसे परत का. छोट्या अक्षरात बघा, "कलाकार बदलण्याचा अधिकार राखीव" असं हमखास असतं. रद्द केलं तर किती कापतात तेही विचारा. बोटीच्या बुकिंगला तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाते, आणि मंडळाची स्वतःची कपात तिच्यावर.

वेंगुर्ले_ते_वडगाव:

गाण्यातलं मला कळत नाही, बोटीतलं सांगतो. मी वेंगुर्ल्याचा, आंबोली घाट चढून बेळगावात आलो तो इथलाच झालो. सत्तरच्या दशकात मुंबईहून ‘कोकणसेवक’नं गावाकडे यायचो. भाऊच्या धक्क्यावर सकाळी वळकटी टाकून जागा धरायची. डेकवर आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, बाळंतिणी, मुंबईचे चाकरमानी. एकदा एका म्हाताऱ्यानं रात्री ‘नाथ हा माझा’ सुरू केलं आणि सगळा डेक गप्प. तेव्हा वर्गणी नव्हती.

एक कामाचं. त्या आगबोटी पावसाळ्यात बंद असायच्या ते उगीच नाही. पण जानेवारीत समुद्र शांत असतो, आत्याबाईंना त्रास होऊ नये. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर मागा, तिथं हलणं कमी. पुढच्या टोकाची अजिबात घेऊ नका. उलटीची गोळी आधीच घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. वय बघता डॉक्टरांना विचारूनच.

खानापूरची_मावशी:

मी गेलेय अशाच एका क्रूझला, भावगीतांच्या. कुणाची ते सांगत नाही. आमचाही ब्लॉकच होता, ते बोट सुटल्यावर कळलं. हॉल शेजारच्या डिस्कोला चिकटून. ‘शुक्रतारा’ चालू आणि भिंतीतून धडाम धडाम. दुसऱ्या दिवशी गोवा बघून मंडळी उशिरा परतली, दोन तासांची मैफल पन्नास मिनिटांत गुंडाळली. कलाकारांबरोबरचं जेवण म्हणजे त्यांच्या टेबलाशी उभं राहून फोटो काढायची रांग. बिचारा गायक घास घेणार तर कुणीतरी मोबाइल पुढे करायचं. मलाच त्याची दया आली.

पण ताई, एवढ्यावर नको म्हणू नका. दुसऱ्या रात्री बारा वाजता झोप येईना म्हणून मी डेकवर गेले. आमच्यातल्याच पाचसहा बायका तिथं शाल पांघरून बसलेल्या. एक सोलापूरची, एक इचलकरंजीची, दोघी ठाण्याच्या. ना पेटी ना माइक. एकीनं धरलं, दुसरीनं ओढलं, पहाटे साडेतीनपर्यंत चाललं. त्यातल्या तिघी अजून माझ्या घरी येतात. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. आणि साध्या बुकिंगनं गेले असते तर या बाया भेटल्याच नसत्या, हेही खरं. तुमच्या आत्यांना माणसं जोडायला आवडतात का? त्यावर ठरवा.

निपाणीकर_तंबाखूवाला:

मावशी, पन्नास हजारांत तीन मैत्रिणी. स्वस्तच पडल्या म्हणायच्या.

खानापूरची_मावशी:

तुम्हांला नाही कळायचं ते, काका.

चिकोडीचा_वाटाड्या:

मावशींचं मी मानतो. पण एक मधला रस्ता आहे. नणंद सभासद आहेच. तिला मंडळातर्फे जाऊ दे. तुम्ही तिघं त्याच तारखेचं, त्याच बोटीचं साधं बुकिंग करा. डेक, जेवणघर, लिफ्ट सगळ्यांना एकच असतं. हॉलमधले सहा तास सोडले तर तुम्ही बरोबरच. डेकवर रात्री बाराला कोण सभासद आणि कोण नाही, हे कुणी विचारत नाही.

टिळकवाडीची सून:

थोडं उशिरा लिहितेय, माफ करा. घरात चार दिवस यावरच चर्चा.

मंडळाकडून लेखी उत्तर आलं. हॉल पहिल्या रात्री साडेनऊ ते साडेअकरा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ. गप्पांची बैठक "वेळेनुसार". गायक दोन, एकाचं नाव पक्कं, दुसरं "लवकरच". डिस्कोचं उत्तर नाही. फॉर्मबद्दल मात्र सुचवलंय की मी नणंदेचा पुण्याचा पत्ता टाकावा. यांनी ते वाचून हात जोडले.

शेवटी माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळ्यांना विचारलं, आत्यांनाच विचारलं नाही. त्यांना ‘सरप्राइज’ द्यायचं होतं ना. काल कुकर लावता लावता सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाटक हाय काय त्यात?"

म्हटलं नाही, पदं आहेत, निवडक.

"म्हंजे नुसती पदं? नाटक न्हाई, पडदा न्हाई, सूत्रधार न्हाई. पेटीवर पदं म्हणायची तर पेटी आपल्या माळ्यावर हाय की गं." मग जरा थांबून, "बोटीला खिडकी हाय न्हवं? मग मी येतो."

(आमच्याकडच्या बायका ‘येतो, जातो’च म्हणतात. पुण्याच्या लोकांनी गोंधळू नये.)

तेव्हा ठरलं. साधं बुकिंग, एकच खोली, मध्यावरची, खालचा मजला. तिसऱ्या माणसाचा दर खरंच कमी लागला, तिघांचे मिळून 59,000 झाले. नणंद थोडी रुसलीय, पण तीही त्याच बोटीत असणार. तिला मी मावशींचा डेकवरचा किस्सा पाठवलाय आणि शाल आणायला सांगितलीय. निपाणीकर काका, बैठकीचं तुमचं सुचवणंही सोडलेलं नाही. माळ्यावरची पेटी खाली काढली, भाता फाटलाय. शहापुरात कोण दुरुस्त करतं ते माहीत असेल तर कळवा.

जाताना दादरची गाडी मिळतेय, येताना अजून वेटिंग 14.

एक शेवटचा प्रश्न, हसू नका. आत्यांना बोटीवर कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, न्यायचाय, नणंदेसाठी किलोभर. सिक्युरिटीत काढून घेतील का?

चिकोडीचा_वाटाड्या:

घरी केलेलं खाणं बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. बुकिंगच्या कागदात नियम असतो, तो बघा. दुकानाचा सीलबंद डबा असेल तर आधी फोन करून विचारा. सगळ्यात सोपं म्हणजे दादरला उतरल्यावर बोटीत चढायच्या आधीच नणंदेच्या हातात द्या.

वेंगुर्ले_ते_वडगाव:

आणि किलोभर न्या, दीड नको. नणंदबाई बंदराच्या रांगेतच उघडणार.