मदत हवी आहे : वांग्याची रोपं माना टाकतायत

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. यंदा माटोळीला (चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती चौकट) दोडकी आणि काकडी परसातलीच बांधली, म्हणून जरा हुरळून गेले. आता ते वेल पिवळे पडलेत, काढून टाकणार. त्या जागी तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, मिरची आणि वांगी लावायचा विचार आहे.

अडचण वांग्याची. ट्रेमध्ये बी टाकलं, छान उगवलं, दोन पानांवर आलं. आणि एका सकाळी बघते तर अर्धी रोपं आडवी! देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी, वरची पानं मात्र हिरवीगार. ट्रे पत्र्याखाली आहे, पण मध्येच सर येते नि माती सुकतच नाही. पाणी जास्त झालं की बुरशी? उरलेली वाचतील का, की पाऊस पुरता गेल्यावर नव्यानेच पेरू?

दुसरं, आमची माती लाल, चिऱ्याची (जांभ्या दगडाची). चुना घालावा का, आणि लावणीच्या किती दिवस आधी?

तांबड्या भाजीचं बी मागच्या वर्षी मुंग्यांनी ओढून नेलं होतं. सासूबाई म्हणतात राखेत मिसळून पेर. कोणी करून बघितलंय?

रासायनिक औषध शक्यतो नको, परसात कोंबड्या फिरतात.